दोन फूट मागे

घड्याळकाकूंना समुद्र आवडत नसे. सगळा जन्म बंदराच्या गावात गेला, घराच्या गच्चीवर उभं राहिलं की बोटींचे भोंगे ऐकू येत, तरी सुट्टीच्या दिवशी कुणी "चला, जरा धक्क्यावर फिरून येऊ" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "समुद्रानं माझं काही वाकडं केलेलं नाही," त्या म्हणत. "पण त्याच्याकडे निघालेली माणसं बघितली की मला मळमळतं."

हे त्या उगाच म्हणत नसत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातले तीन दिवस त्या डायलिसिस केंद्राची गाडी चालवायच्या. बंदराच्या अलीकडे राहणाऱ्या तीन पेशंटांना घरून उचलायचं, बंदरापलीकडच्या केंद्रात दुपारी एकच्या पाळीला पोचवायचं आणि संध्याकाळी परत आणून सोडायचं. अंतर म्हणाल तर अकरा किलोमीटर. मोकळ्या रस्त्यानं पंचवीस मिनिटं. पण रस्ता एकच, आणि तो फेरीबोटीच्या धक्क्याच्या फाटकावरून जाणारा. समोरच्या बेटावर जाणाऱ्या मोटारी, ट्रक, मोटारसायकली, सगळं साडेबाराच्या बोटीत चढायचं, आणि चढण्याआधी त्याच रस्त्यावर ठाण मांडून बसायचं. रांग कधी दीड किलोमीटर, कधी चार. एकच्या पाळीला अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाला की खुर्ची दुसऱ्याला देऊन टाकत. मशीनवर चार तास बसणारे पुष्कळ होते, मशिनं मोजकी.

म्हणून काकूंनी वही केली होती. कोणत्या वारी, किती वाजता, रांगेची शेपटी कुठं. पेट्रोलपंप, शाळेची भिंत की पाण्याची टाकी. बुधवारी सिमेंटचे ट्रक जास्त. शाळांना सुट्टी लागली की मोटारींच्या टपावर गाद्या आणि सायकली. पाऊस असला तर रांग छोटी पण हलायला तयार नाही. या वहीवरून त्या निघायची वेळ काढत आणि आदल्या संध्याकाळी पेशंटांना फोन करत. "उद्या दहा अठ्ठेचाळीस."

"म्हणजे पावणेअकरा ना?"

"पावणेअकरा नाही. दहा अठ्ठेचाळीस. तीन मिनिटं आधी येऊन मी तुमच्या दारात काय करू?"

यावरूनच ते घड्याळकाकू नाव पडलं. त्यांच्याहून सतरा वर्षांनी मोठे असलेले निवृत्त गणिताचे मास्तरही त्यांना काकूच म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

काकूंचे वडील मोटार मेकॅनिक होते. चौदाव्या वर्षी पोरीला जॅक लावता येत होता, अठराव्या वर्षी लायसन्स. पुढं एकोणीस वर्षं त्यांनी मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्याची कामगारांची बस चालवली. मुलगी कॉलेजात असताना नवरा गेला, त्याच्या मागोमाग कारखानाही बंद पडला. तेव्हा डायलिसिस केंद्रानं ड्रायव्हर हवा म्हणून पाटी लावली होती. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्यात खास काय आहे?" काकू म्हणाल्या, "मी वेळेवर येते." त्या दिवशी त्या सोडून बाकी सगळे उमेदवार बंदराच्या रांगेत अडकले होते.

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, जिभेला धार असलेली. फेरीच्या तिकीट खिडकीवरची बाई पूर्वी ताईच्या हाताखाली होती. तिला आदल्या संध्याकाळी फोन लावून, बोट वेळेवर आहे का, बुकिंग किती झालंय, हे काढून घ्यायचं काम ताईकडे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसत. ताई कानाला फोन लावून आकडे सांगे, काकू वहीत उतरवत. "लोक संध्याकाळी मालिका बघतात," ताई म्हणे, "आणि आपण दुसऱ्यांच्या मोटारी मोजतो."

रांगेबद्दल बोलायला लागल्या की काकूंचा आवाजच बदलायचा. चार वर्षं आठवड्यातून सहा वेळा त्या रांगेच्या कडेनं, काच वर करून, गेल्या होत्या. ट्रकांच्या चाकांशी बाटल्या पडलेल्या असत आणि त्यांतलं पिवळं काय आहे ते सांगायला नको. शाळेच्या भिंतीला एवढी माणसं पाठ वळवून उभी राहत की भिंतीचा रंग कमरेखाली वेगळाच झाला होता. झाडांच्या बुंध्याशी बाळांचे वापरलेले डायपर, उन्हात फुगलेले. चांगल्या घरच्या, गॉगल लावलेल्या बाया काच दोन बोटं खाली करून अर्धवट खाल्लेलं सँडविच बाहेर सोडत आणि काच परत वर. मधे घुसणारे तर निराळेच. ॲम्ब्युलन्सच्या मागं चिकटून जाणारे. 'आमचे आजोबा आजारी आहेत' म्हणून हवालदाराला सांगणारे आणि गाडीत आजोबांचा पत्ता नसणारे. "घरात हीच माणसं पायपुसण्यावर पाय पुसून आत जात असतील," काकू म्हणत. त्यांना राग येत नसे, शिसारी येई. राग येऊन जातो. शिसारी जेवताना आठवते.

मुख्य रस्ता अगदीच तुंबला तर काकूंकडे शेवटचा उपाय होता. सिमेंटच्या गोदामामागून नाल्याच्या कडेनं एक अरुंद गल्ली जायची. ती पुढं धक्क्याच्या जरा पलीकडे मोठ्या रस्त्याला मिळायची. नाल्याला मासळीबाजारातलं सगळं पाणी येई, त्यामुळे तिकडे कुत्रंसुद्धा नाइलाजानंच जाई. चार वर्षांत काकूंनी ती गल्ली सहा वेळा वापरली होती आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

मग तो सोमवार आला. शाळांच्या मोठ्या सुट्टीचा पहिला सोमवार. शुक्रवारनंतर थेट सोमवार, म्हणजे पेशंटांच्या अंगात एका दिवसाचं पाणी जास्त साठलेलं. केंद्रात सगळे सोमवारला वचकून असत. त्यात आदल्या संध्याकाळी तिकीट खिडकीवरच्या बाईनं ताईला सांगितलं की उद्यापासून नवी दुमजली बोट सुरू होतेय, दुप्पट गाड्या घेणारी, आणि सुटायची वेळ बारा.

"कुणाला कळवलंय हे?" काकूंनी विचारलं.

"फाटकावर कागद चिकटवलाय म्हणे."

"फाटकावर! म्हणजे रांगेत तीन तास काढून फाटकाशी पोचलं की कळणार, बोट गेली."

काकूंनी वही पुढं ओढली आणि वेळ काढली. नऊ पंचावन्न. मास्तर कुरकुरले. टेलरबाई, म्हणजे ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुसऱ्या पेशंट, म्हणाल्या की एवढ्या सकाळी त्यांना धाप असते. तिसरा सलूनवाला, चाळिशीचा, तोंडानं फटकळ. तो म्हणाला, "काकू, रात्रीच येऊन झोपू का गाडीत?" पण नऊ पंचावन्नला तिघंही दारात उभे होते.

रांगेची शेपटी पाण्याच्या टाकीच्याही मागं होती. नवी बोट पहिल्याच दिवशी बंद पडली होती, उतरणीची फळी खालीच येत नव्हती, आणि जुनी बोट दुरुस्तीला पाठवलेली. दोन्ही बोटींची गर्दी रस्त्यावर. काकूंनी तासभर वाट पाहिली, गाडी शंभर मीटर सरकली. मग त्यांनी गोदामाकडे वळण घेतलं.

गल्लीत शिरून वळणावर आल्या आणि त्यांनी ब्रेक दाबला. समोर लाल दिव्यांची ओळच्या ओळ. टपावर गाद्या, मागच्या काचेला चिकटलेली फुगवलेली रबरी बदकं. मागं बघतात तो त्यांच्या पाठोपाठ आणखी सात-आठ मोटारी आत शिरलेल्या.

"हे सगळे इथं कसे?" काकूंच्या तोंडून निघालं.

सलूनवाल्यानं आपला फोन पुढं धरला. नकाशावर मुख्य रस्ता लाल होता आणि त्यांची गल्ली निळी. 'जलद मार्ग, डावीकडे वळा.'

"काकू, तुमची गल्ली फोनला कळली."

ऊन चढत होतं. नाल्याला वास होता असं म्हणणं म्हणजे वासाचा मान राखणं झालं. माशांची खवली, आतडी, बर्फाचं गढूळ पाणी, त्यावर हिरवी साय. काचा बंद ठेवाव्या तर इंजिन तापायचं, उघडाव्या तर टेलरबाईंना ओकारी यायची. पुढच्या मोटारीतल्या कुणीतरी खिडकीतून डायपर भिरकावला. तो नाल्यात जायचा, तो कठड्याला आपटून काकूंच्या गाडीच्या बॉनेटवर फुटला. काकू उतरल्या, डिकीतली काठी घेऊन तो ढकलला, आणि परत बसल्यावर हात तीनदा पुसले.

बाराच्या सुमारास मास्तरांचा श्वास बदलला. आधी ते बोलायचे थांबले. मग पाठ टेकेनात, पुढं वाकून गुडघ्यांवर हात रोवून बसले. छातीत पाणी साठलं की असं होतं, हे गाडीतल्या चौघांनाही माहीत होतं. काकूंनी केंद्रात फोन लावला. नर्स म्हणाली, "घेऊन या, कसंही करून घेऊन या." ॲम्ब्युलन्स कुठून येणार? ती याच रांगेच्या मागं उभी राहिली असती.

काकूंनी मान वळवून डावीकडे बघितलं. गाडी जिथं उभी होती, तिथून थोडं मागं कोल्ड स्टोरेजचं मागचं फाटक होतं. त्या आवाराला पुढचं फाटक होतं, आणि ते धक्क्याच्या पार पलीकडे, मोकळ्या रस्त्यावर उघडत होतं. वॉचमन पूर्वी मासळीच्या कारखान्यात होता, काकूंच्या बसनं सात वर्षं कामाला गेलेला. त्यांनी हाक मारली. त्यानं मास्तरांकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "साहेब जेवायला गेलाय. उघडतो मी, चटकन घ्या."

पण गाडीचं नाक फाटकाच्या पुढं आलेलं. आत वळायला मागं घ्यायला हवी होती. दोन फूट, फार तर अडीच. आणि मागच्या पांढऱ्या मोटारीनं बंपरला बंपर लावलेला.

काकू तिच्या खिडकीशी गेल्या. आत एक माणूस, शेजारी बायको, मागं दोन मुलं फोनमध्ये डोकं घालून बसलेली. एसी चालू. काच चार बोटं खाली आली.

"साहेब, दोन फूट मागं घ्या. गाडीत पेशंट आहे, या फाटकातून बाहेर काढते."

माणसानं मागच्या आरशात बघितलं. "मागं गाडी आहे."

"तिच्या पुढं हात-दीड हात जागा आहे. मी त्यांनाही सांगते. सगळ्यांनी थोडी थोडी घेतली की होतंय."

"आणि मी मागं घेतल्यावर मधे कुणी घुसलं तर?"

काकूंना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "अहो, कोण घुसणार? मीच तर तुमच्या पुढं आहे. मी आत वळले की तुम्ही एक गाडी पुढं जाल. तुमचाच फायदा."

"मोटारसायकलवाले घुसतात. सकाळपासून आम्ही बघतोय."

बायकोनं नाकाला रुमाल लावला होता. ती नवऱ्याला म्हणाली, "काच लाव ना, वास येतोय." काच वर गेली.

काकू त्याच्या मागच्या मोटारीकडे गेल्या. तो म्हणाला, पुढच्यानं घेतली तर मीही घेईन. तिसरी बाई म्हणाली, आम्हालाही लहान मुलं आहेत. चौथा खिडकीतून फोन बाहेर काढून काकूंचं शूटिंग करत होता. त्याला गंमत वाटत होती, निदान चेहऱ्यावर तरी तसंच होतं. कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. त्यांनी एवढंच केलं की कुणी हललं नाही. काकू पाठ फिरवून कठडा धरून उभ्या राहिल्या. नाल्याकडे बघून त्यांना बरं वाटलं, इतकं त्या माणसांकडे बघवेना.

त्या गाडीत परत आल्या. सलूनवाला म्हणाला, "मी जाऊन एकाची कॉलर धरतो."

"तू बस. तुझा हात जपायचा आहे," काकू म्हणाल्या. त्याच्या हातात डायलिसिसची सुई लावायची जागा होती. मग त्या पुन्हा एकदा उतरल्या, पांढऱ्या मोटारीच्या काचेवर टिचकी मारली आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "मी मागं घेतेय. हलायचं तर हला."

गाडीत बसल्या. आरसे बघितले. रिव्हर्स टाकला आणि क्लच सोडला, हळू, बस फलाटाला लावावी तसा. बंपर टेकला. मोटार हलली नाही. काकूंनी आणखी सोडला. काच फुटल्याचा आवाज झाला, मोटारीचा एक दिवा खळकन खाली आला, आणि मग त्या माणसाचा पाय एकदाचा ब्रेकवरून निघाला. पांढरी मोटार मागं गेली. तिच्या मागची गेली. त्याच्या मागच्या बाईंची गेली. बघता बघता मागं एक अख्खी मोटार उभी राहील एवढी जागा झाली. इतका वेळ ती जागा तिथंच होती.

काकूंनी स्टिअरिंग वळवलं आणि फाटकातून आत शिरल्या. मागून तो माणूस ओरडत धावत आला. वॉचमननं त्याच्या तोंडावर फाटक ओढून घेतलं.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी गाडी केंद्राच्या दारात पोचली. एक खुर्ची गेलेली, दोन शिल्लक. मास्तरांना स्ट्रेचरवरून थेट मशीनला लावलं. टेलरबाई सलूनवाल्याला म्हणाल्या, "तू घे, तुझ्या घरी लहान मुलं आहेत." तो म्हणाला, "आणि तुमच्या घरी काय, गणवेश स्वतः शिवले जातात?" नर्सनंच निकाल लावला. टेलरबाईंना दुसरी खुर्ची, सलूनवाल्याला संध्याकाळची पाळी. मास्तर वाचले. रात्रभर त्यांना तिथंच ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी काकू त्यांना आणायला गेल्या तेव्हा ते म्हणाले, "तुमचं गणित बरोबर होतं. नऊ पंचावन्न. माणसं चुकली."

फुटलेल्या दिव्याची तक्रार आठच दिवसांत आली. केंद्रानं काकूंना बंदराच्या वाहतूक अधिकाऱ्याकडे पाठवलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, थंडगार, खिडकी भली मोठी. खिडकीतून रांग दिसत होती, मुंग्यांची असावी तशी, वास नाही की आवाज नाही. अधिकारी वेफर्सच्या पुडीत हात घालत घालत बोलत होता आणि तीच बोटं कागदांना लावत होता.

"माफीचं पत्र लिहून द्या, विषय संपला."

"दिवा मुद्दाम फोडला, हे मी लिहून देते. माफी नाही लिहिणार."

अधिकाऱ्यानं पुडी बाजूला ठेवली. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्या खिडकीच्या आतला होता. त्याच्या टेबलावर केंद्राच्या डॉक्टरांचंही पत्र होतं, त्यात मास्तरांच्या छातीतल्या पाण्याचा रिपोर्ट जोडलेला. पुढं मागं कुणी मेलं तर कागद कुणाच्या टेबलावर येईल, हे त्याला समजत होतं. महिन्याभरात रस्त्याच्या कडेनं एक मार्गिका निघाली. नारिंगी शंकू, वर पाटी, 'फक्त रुग्णवाहने', आणि तोंडाशी एक गार्ड. केंद्राच्या गाडीला स्टिकर मिळाला.

पहिले पंधरा दिवस काकू पंचवीस मिनिटांत पोचल्या. ताई म्हणाली, "आता आपण मालिका बघायला हरकत नाही." मग एका शुक्रवारी काकूंच्या पुढं मार्गिकेत एक काळी मोटार दिसली. स्टिकर तोच. आत चार पुरुष, हसणारे, मागं मासे पकडायच्या काठ्या. पुढच्या आठवड्यात तीन मोटारी. मग एक व्हॅन भरून वऱ्हाड, नवरदेवासकट. गार्ड स्टिकर बघून साखळी काढत होता. स्टिकर बंदराच्या कचेरीतल्या मेहुण्या-भाच्यांत वाटले गेले होते. काकूंनी गार्डला विचारलं तर त्यानं कानांवर हात ठेवले. एका बुधवारी त्या मार्गिकेतच बारा मिनिटं अडकल्या आणि वहीत तसं लिहिलं.

त्याच सुमारास काकूंची मुलगी पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी यायची होती. ती बेटावर राहायची, नवरा तिथल्या शाळेत शिक्षक. दिवस शनिवारचा, म्हणजे काकूंचा सुट्टीचा. मुलीनं बोटीतून फोन केला. "आई, तू आतपर्यंत ये हं. ऊन मरणाचं आहे, बाळाला घाम आलाय."

ताईची जुनी छोटी मोटार दारात होती. पण केंद्राची गाडीही दारातच होती, सोमवारसाठी. काकूंनी खुंटीवरच्या दोन्ही किल्ल्यांकडे बघितलं आणि केंद्राची उचलली. ताईनं ते बघितलं.

मार्गिकेच्या तोंडाशी गार्डनं स्टिकर बघून हात वर केला. रांग दोन किलोमीटरची होती. काकू तिच्या कडेनं रिकामी गाडी घेऊन सुसाट निघाल्या. शाळेच्या भिंतीजवळ एक बाई मोटारीचं दार उघडं टाकून म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर वर्तमानपत्रानं वारा घालत होती. तिनं मान वर करून काकूंच्या गाडीत पाहिलं. तिन्ही सीट रिकाम्या. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते काकूंना आरशाशिवाय ओळखता आलं. चार वर्षं त्या स्वतः तेच तोंड करून या रस्त्यानं जात होत्या.

मुलगी गाडीत बसली, बाळाला थंड वारा लागला, ते हसलं. "किती बरं झालं, आई, थांबावं नाही लागलं," ती म्हणाली. काकूंनी बाळाच्या गालाला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. आपला हात धुतलेला नाही असं त्यांना वाटत राहिलं.

संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. ताईनं ताट पुढं सरकवलं. "एकदा गेलीस. मुलीला आणायला. जग बुडालं नाही."

"ते पांढऱ्या मोटारीतलं जोडपंही मुलांनाच घेऊन चाललं होतं."

"मग आता काय करणार?"

"गार्डला सांगणार, माझी गाडीसुद्धा उघडून बघायची."

सोमवारी सांगितलं. गार्डनं हात जोडले. "काकू, तुमची उघडली की सगळ्यांची उघडावी लागेल. मला का गोत्यात आणता?" तो काही ऐकेना. तेव्हा काकूंनी स्वतःविरुद्ध तक्रार लिहिली. तारीख, वार, वेळ, गाडीचा नंबर. 'वरील दिवशी मी गाडीत एकही रुग्ण नसताना रुग्णवाहनांच्या मार्गिकेचा वापर केला. गार्डने गाडीत डोकावून पाहिले नाही.' एक प्रत बंदराच्या अधिकाऱ्याला, एक केंद्राला, एक वर्तमानपत्राच्या कचेरीत. दिव्यासाठी ज्या बाईनं माफीची एक ओळ लिहून दिली नव्हती, तिनं हे न मागता लिहून दिलं.

केंद्राच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" नियमाप्रमाणे काकूंना ताकीद मिळाली आणि तीन आठवडे गाडीवरून उतरवून औषधांच्या कपाटाशी बसवलं. त्या दिवसांत बदली ड्रायव्हर दोनदा उशिरा पोचला आणि सलूनवाल्यानं काकूंना फोनवर चांगलंच सुनावलं. "तुमच्या मनाच्या धुण्यासाठी आम्ही ताटकळायचं का?" त्याचं बरोबर होतं.

पण कागद झाला होता, आणि वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या होत्या. अधिकाऱ्याला हुकूम काढावा लागला की गार्डनं प्रत्येक गाडीचं दार उघडून आत रुग्ण आहे हे बघावं. पहिल्याच आठवड्यात मासे पकडायला निघालेले चौघं परत फिरवले गेले. मार्गिका मोकळी झाली. कचेरीतले लोक काकूंना रस्त्यात पाहिलं की तोंड फिरवू लागले.

तो दीड महिना बाळ घरात होतं. मुलीची परत जायची वेळ आली तेव्हा काकू पुन्हा गाडीवर रुजू झाल्या होत्या. दिवस रविवारचा. काकूंनी ताईच्या मोटारीची किल्ली घेतली.

"तुझी गाडी आहे ना दारात?" मुलगी म्हणाली. "बाळ आहे म्हटलं तर गार्ड सोडेल."

"बाळ आजारी नाही."

"आई, दोन-तीन तास! उन्हात! ह्याच्यासाठी तरी!"

"म्हणून साडेआठला निघतोय. मी वेळ काढलीय."

वेळ चुकली. पुढं एक ट्रक बंद पडला होता. दोन तास चाळीस मिनिटं त्या छोट्या मोटारीत चौघंजण, पैकी एक सारखं रडणारं. ताई मागच्या सीटवर वर्तमानपत्राची घडी करून बाळाला वारा घालत होती. पुढची मोटार कचरा टाकत होती, मागचा सारखा हॉर्न वाजवत होता. एक माणूस शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, अगदी त्यांच्या खिडकीसमोर. डावीकडे नारिंगी शंकूंपलीकडची मार्गिका पार रिकामी होती. मुलगी सगळा वेळ तिकडेच बघत होती.

बोट चुकू नये म्हणून, ताईला मोटारीत ठेवून, शेवटचा अर्धा किलोमीटर त्या चालत गेल्या. काकूंच्या कडेवर बाळ, मुलीच्या दोन्ही हातांत बॅगा. पायाखाली काय काय येत होतं ते चुकवत त्या फाटकाशी पोचल्या. बाळाला घेताना मुलगी एवढंच म्हणाली, "तुझं तत्त्व मला नको होतं, आई. मला फक्त लवकर घरी पोचायचं होतं." आणि फळीवरून बोटीत चढली. काकू बोट सुटेपर्यंत उभ्या होत्या. वरच्या मजल्यावर कठड्याशी पुष्कळ लोक हात हलवत होते. त्यांत मुलगी नव्हती.

तिचा फोन तेरा दिवसांनी आला. बाळाला पहिला दात आला होता, ते सांगायला. बाकीचं कुणी काढलं नाही.

मास्तर आणखी दोन वर्षं त्या गाडीतून गेले. सलूनवाल्याला बहिणीची किडनी मिळाली, आता तो दर महिन्याला काकूंचे केस कापून देतो आणि तोंडसुख घेतो ते वेगळं. काकू अजून सोमवार, बुधवार, शुक्रवार गाडी काढतात. गार्ड दार उघडतो, आत बघतो, साखळी काढतो. रांगेतली माणसं तशीच आहेत. बाटल्या, डायपर, भिंत, सगळं जिथल्या तिथं. काकू अजूनही त्यांच्याकडे बघून नाक मुरडतात, पण आता काच वर करत नाहीत.